इनामगावची पांढर

जुन्या शेतकऱ्याच्या लेखी गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शिवार, पांढरी म्हणजे वस्ती. शब्द मातीच्या रंगावरून आले आहेत, आणि त्या रंगामागे रसायनशास्त्र आहे. मातीच्या भिंती पावसात ढासळतात, त्यांच्यावर नव्या भिंती उभ्या राहतात. त्यात चुलीची राख, शेण, हाडं, भुसा मिसळत जातो. शंभर-दोनशे वर्षांत तिथे फिकट, भुसभुशीत टेकाड तयार होतं. हाडं आणि शेण यांमुळे त्यात फॉस्फरस भरपूर असतो, म्हणून तर पूर्वी उजाड पांढरीची माती गाडीत भरून रानात टाकत. पुरातत्त्वज्ञ मात्र हेच टेकाड पाहून थांबतो. काळ्या रानाच्या मधोमध पांढरं काही दिसलं की खाली कोणीतरी राहिलेलं असणार.

शिरूर तालुक्यातलं इनामगाव हे असंच एक ठिकाण. पुण्याच्या पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर, घोड नदीच्या काठी. घोड सह्याद्रीत उगम पावते, वाटेत कुकडीला पोटात घेते आणि पुढे भीमेला मिळते. उगमाकडे पाऊस कोसळत असतो, पण ढग डोंगर ओलांडून खाली उतरेपर्यंत रिकामे झालेले असतात. शिरूरच्या बाजूला वर्षभरात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तरी लोक समाधान मानतात. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याचा आधार दोनच गोष्टींचा: डोंगरातलं पाणी घेऊन येणारी नदी, आणि ओल धरून ठेवणारी काळी जमीन. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. पाऊस सरल्यावरही खालची ओल टिकते, म्हणून रब्बी साधते.

डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. सापडलं ते एक शेतकरी गाव, इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० एवढा काळ नांदलेलं. नऊशे वर्षं म्हणजे ज्ञानेश्वरांपासून आजपर्यंतच्या काळापेक्षाही जास्त. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. जमिनी चोपलेल्या, कुडाच्या भिंतींना मातीचा गिलावा, वर गवताचं छप्पर. लोखंड अजून आलेलं नव्हतं, तांबं जपून वापरायचं, रोजची कापाकापी दगडाच्या पात्यांनी.

जळलेले दाणे हा इथला सर्वांत बोलका पुरावा. साधा दाणा मातीत कुजून जातो. चुलीत किंवा आगीत करपलेला दाणा मात्र कोळसा होतो, आणि कोळसा कुजत नाही. अशा दाण्यांवरून कळलं की इथलं मुख्य पीक जव होतं. सोबत गहू, मसूर, वाटाणा. ही सगळी रब्बीची पिकं. जव कमी पाण्यावर येतो, गव्हाला मात्र पाणी द्यावं लागतं. मग ते आणलं कुठून?

उत्तर वस्तीच्या कडेलाच मिळालं. इसवी सनपूर्व १४०० ते १००० या भरभराटीच्या काळातला एक चर: सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल. शेजारी दगडमातीचा बांध. पुराचं पाणी वळवून घेण्याचा हा पाट असावा, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. सगळा चर माणसांनी खणला असेल, तर साधा गुणाकार २८०० घनमीटर माती सांगतो, तीही लोखंडी कुदळीवाचून. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचं मोठं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार होतं. ढवळीकरांनी यावरून गावाला प्रमुख होता आणि तो सारा म्हणून धान्य गोळा करायचा, असा निष्कर्ष काढला. कोठारावरून सारा सिद्ध करणं मला थोडं घाईचं वाटतं. पण पाट असेल तर पाण्याची पाळी कोणीतरी ठरवलीच असणार. आजही पाळीवरून भांडणं होतात, तेव्हा होत नसतील असं कोण म्हणेल?

इसवी सनपूर्व १००० नंतर चित्र पालटतं. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती आखडते, शिकारीचा वाटा वाढतो. पाऊस कमी झाला आणि गाव खचलं, हे ढवळीकरांचं स्पष्टीकरण अनेक वर्षं प्रमाण मानलं गेलं.

पण घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं होती, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आत ठेवलेली. प्राचीन हाडांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी ही चिमुकली हाडं तपासली. उत्तरकाळातल्या बाळांची वाढ खुंटलेली होती, म्हणजे हलाखी खरी. मात्र त्यांच्या मते हा भाग गाव वसण्याच्या आधीपासूनच निमकोरडा होता, त्यामुळे सगळा दोष अचानक आलेल्या अवर्षणावर ढकलता येत नाही. शेतीचा पसारा जमिनीला झेपेनासा झाला, हेही कारण असू शकतं. मला हे जास्त पटतं. आपल्याकडच्या दुष्काळांतही आभाळाइतकाच माणसाचा हात दिसतो.

इसवी सनपूर्व ७०० च्या सुमारास वस्ती ओस पडली. ‘इनाम’ हा अरबी शब्द मराठीत आला तो त्यानंतर कितीतरी शतकांनी. म्हणजे आपण ज्या नावाने हे गाव ओळखतो, ते त्या लोकांनी कधी ऐकलंही नव्हतं. त्यांच्या लाल मडक्यांवर काळी नक्षी असते, आणि टिचकी मारली की खणखणीत वाजतात. तशी मडकी आधी संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी सापडली होती, म्हणून पुस्तकांत घोडकाठच्या या माणसांची ओळखही जोर्वे संस्कृतीचे लोक अशीच आहे.