संगमावर पायरी का नसते?

लहानशी उपनदी मोठ्या नदीला मिळते ती जागा एकदा नीट न्याहाळा. उपनदीचं पात्र अरुंद, पाणी बेताचं; तरीही ती मोठ्या नदीत वरून उडी घेत नाही. दोघींची पातळी तिथे सहसा एकच असते. दृश्य इतकं ओळखीचं की त्यात विचारण्यासारखं काही आहे, हे सुचतच नाही.

स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन प्लेफेअर यांना ते सुचलं. नद्या आयत्या दऱ्यांतून वाहतात, असं त्या काळी बरेच जण मानत. १८०२ साली प्लेफेअर यांनी त्यावर दिलेलं उत्तर मला भूगोलातल्या सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी एक वाटतं. दऱ्या आधीच तयार असत्या, तर इतक्या उपदऱ्यांची तोंडं मुख्य दरीच्या तळाशी अशी अचूक जुळलीच नसती. ज्या अर्थी ती जुळतात, त्या अर्थी प्रत्येक प्रवाहाने आपली दरी स्वतः कोरलेली आहे.

हे जुळणं घडतं कसं? मुख्य नदीने तळ खोल नेला की उपनदीच्या मुखाशी उतार एकदम वाढतो. पाणी जोराने कोसळतं, खडक झिजतो, कडा ढासळतो आणि ती पायरी उगमाच्या दिशेने मागे सरकू लागते. कठीण खडकात फारच संथपणे. म्हणून ओढ्याकाठाने वर चालताना मध्येच छोटा धबधबा लागला, तर तिथे टणक थर असेल किंवा खाली नदीने कधीकाळी घेतलेली खोली तिथवर येऊन पोचली असेल. कित्येकदा दोन्ही.

हिमनद्यांच्या प्रदेशात मात्र पायरी राहते. मोठी हिमनदी खोल कोरते, तिला मिळणाऱ्या छोटीला तेवढं बळ नसतं. बर्फ वितळल्यावर उपदरी अधांतरी उरते. अमेरिकेतल्या योसेमिटी दरीतला सुमारे १८८ मीटरचा ब्रायडलव्हेल धबधबा अशाच दरीतून पडतो.

संगमाची खरी गंमत पुरात. उपनदीचा पाणलोट लहान, त्यामुळे तिचा पूर काही तासांत चढतो आणि उतरतो. मोठ्या नदीचा पूर मागाहून येतो. तेव्हा तिचा फुगवटा उपनदीच्या तोंडात शिरतो, आतलं पाणी थबकतं आणि गाळ खाली बसतो. पूर ओसरल्यावर मुखाजवळची कापलेली दरड पाहा: जाड वाळूचा थर, त्यावर बोटभर गुळगुळीत गाळ, पुन्हा वाळू. वाळू धावत्या पाण्याने आणलेली, गाळ थांबलेल्या पाण्याने सोडलेला.