वराहपालन (पुणे परिसर)

मांसासाठी आणि पैदाशीची जनावरे विकण्यासाठी डुकरे बंदिस्त जागेत पाळण्याचा व्यवसाय. दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन यांच्या तुलनेत पुणे जिल्ह्यात तो लहान आहे. उकिरड्यावर मोकाट चरणारी डुकरे व बंदिस्त कळप यांच्यातील फरक हा या व्यवसायाचा पाया आहे. पैदास, निगा व रोगनियंत्रण ही तिन्ही अंगे त्यावरच उभी आहेत.

उगम : पाळीव डुक्कर युरेशियातील रानडुकरापासून (सुस स्क्रोफा) आले, याबद्दल मतभेद नाही. ते किती ठिकाणी व कसे माणसाळले, हा वादाचा विषय आहे. आग्नेय अनातोलियातील (आजचे तुर्कस्तान) चायोन्यू येथील अस्थींवरून तेथे ही प्रक्रिया सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, कदाचित थोडी आधीच, सुरू झाली असावी. चीनमध्ये ती स्वतंत्रपणे घडली असे बहुतेक अभ्यासक मानतात. संशोधक ग्रेगर लार्सन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मायटोकाँड्रियल डीएनएच्या आधारे माणसाळण्याची अनेक केंद्रे मांडली. भारतीय उपखंड हे त्यांतील एक संभाव्य केंद्र होते. मात्र मायटोकाँड्रियल डीएनए फक्त मातृवंश दाखवतो. बाहेरून आलेल्या पाळीव कळपात स्थानिक रानमाद्या सामावल्या गेल्या, तरी पुढच्या पिढ्यांत स्थानिक मातृवंशच दिसेल. युरोपात पश्चिम आशियाई डुकरांच्या मातृवंशाची जागा युरोपीय रानडुकराच्या मातृवंशाने घेतल्याचे २००७ मध्ये दाखवले गेले. तेव्हा केवळ स्थानिक मातृवंशावरून भारतात स्वतंत्र माणसाळणे सिद्ध झाले असे धरता येत नाही. ही सावध भूमिका अधिक ग्राह्य वाटते.

दख्खनच्या संदर्भात हा प्रश्न आणखी नाजूक होतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे (सु. इ. स. पू. १६००–७००) उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. तेथील अस्थींमध्ये गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी व कुत्रा यांच्याबरोबर डुकराचीही हाडे आहेत. पाळीव की रानटी हे ठरवताना मुख्यतः तिसऱ्या दाढेची लांबी आणि मारलेल्या जनावरांचे वय पाहतात. पाळीव डुकराची दाढ आखूड असते, आणि कळपातून निवडून मारलेली जनावरे बहुधा कोवळ्या वयाची असतात. परंतु मोकळ्या सोडलेल्या माद्यांना रानडुकरांचे नर लागत असल्यास दोन्हींमधली सीमा हाडांतही पुसट होते. नमुना लहान असला तर अधिकच. त्यामुळे इनामगावकर डुक्कर खात होते हे विधान पक्के आहे; ते डुक्कर पाळत होते हे विधान संभाव्य म्हणूनच मांडावे लागते.

ऐतिहासिक काळातील वराहपालनाची माहिती त्रोटक आहे. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने कैकाडी, वडार इत्यादी समाजांनी केले. जनावर ओळखण्याचे, माज (मादीची गाभण होण्याची वेळ) हेरण्याचे व पिल्ले जगवण्याचे त्यांचे ज्ञान लिखित साहित्यात जवळजवळ उतरलेले नाही, ही या विषयातील मोठी उणीव होय. खडकीच्या लढाईनंतर (१८१७) वसलेल्या लष्करी छावण्यांमुळे हॅम व बेकनची मागणी वाढली असावी. शासकीय पातळीवर १९५९-६० पासून समन्वित वराहविकास कार्यक्रम सुरू झाला. त्यातील बेकन कारखान्यांपैकी एक मुंबईत बोरिवली येथे होता.

जाती व पैदास : व्यापारी कळपांत लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँडरेस, ड्युरॉक आणि त्यांचे संकर आढळतात. नोंदणीकृत देशी जातींपैकी गोव्यातील अगोंदा गोवन पुण्याला सर्वांत जवळची. गुवाहाटीजवळील राणी येथील राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने हॅम्पशायर व घुंगरू यांच्या संकरातून ‘राणी’ हा वाण तयार केला.

मादी सर्वसाधारणपणे आठव्या महिन्यात पहिल्यांदा भरवतात (नराशी संयोग घडवतात). माज दर २१ दिवसांनी येतो व दोन ते तीन दिवस टिकतो. पाठीवर दाब दिल्यावर मादी कान ताठ करून स्थिर उभी राहिली, तर ती भरवण्यास योग्य समजतात. गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा. शेतकरी तो तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा लक्षात ठेवतात. कृत्रिम रेतनासाठी पातळ केलेले वीर्य १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. डुकराचे वीर्य थंडी सहन करत नाही; घरगुती फ्रिजमधील ४ अंशांना ते निकामी होते.

पुण्याचा एप्रिल-मे हा पैदाशीसाठी अवघड काळ. डुकराला घामाने अंग थंड करता येत नाही. उन्हाच्या ताणाचा नरावरील परिणाम लगेच दिसत नाही. शुक्राणू तयार होण्यास पाच-सहा आठवडे लागत असल्याने मेमधील उष्म्याचे दोषयुक्त वीर्य जूनमध्ये उतरते आणि त्याची किंमत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या विण्यांत कमी पिल्लांच्या रूपाने मोजावी लागते. चारा-खाद्याला दोष देण्यापूर्वी नोंदवहीतील भरवल्याच्या तारखा पाहाव्यात. छतावर पाचट, दुपारी फवारे आणि लोळण्यासाठी पाण्याचे उथळ टाके हे उपाय स्वस्त आहेत व उपयोगी ठरतात.

निगा व कल्याण : विण्याच्या खणात आई आणि पिल्ले यांच्या गरजा परस्परविरोधी असतात. मादीला १८ ते २० अंश तापमान सुखावते, तर नवजात पिल्लाला ३२ ते ३४ अंशांची ऊब हवी असते. ऊब मिळाली नाही की पिल्ले आईला बिलगतात व तिच्याखाली चिरडतात. म्हणून कोपऱ्यात दिव्याखाली पिल्लांची वेगळी जागा करतात आणि भिंतीपासून व जमिनीपासून २० ते २५ सेंमी. अंतरावर आडव्या पाइपचा कठडा बसवतात. भारतीय मानकानुसार विण्याच्या खणाला ७ ते ९ चौ. मी. आच्छादित जागा हवी. मादीला वळताही येणार नाही अशा अरुंद पिंजऱ्यात महिनोन्महिने कोंडणे युरोपीय संघाने २०१३ पासून मोठ्या प्रमाणात बंद केले. भारतात पुरेशी हालचाल न करता येणाऱ्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. नव्या शेडची आखणी करताना हे कलम आधी वाचले जावे. शेपट्या चावण्याचा प्रकार बहुतेक वेळा गर्दी, कोंदट हवा व रिकामपण यांतून उद्भवतो. जमिनीवर टाकलेले गवत त्यावर बऱ्याच अंशी उपाय ठरते.

सिमेंटच्या फरशीवर वाढणाऱ्या पिल्लांना लोहाची उणीव भासते. त्यांची रोजची गरज सुमारे ७ मिग्रॅ. असते, आईच्या दुधातून जेमतेम १ मिग्रॅ. मिळते आणि उकरायला माती नसते. त्यामुळे तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोहाचे इंजेक्शन देतात.

कळपाचे आरोग्य : वराहज्वर हा डुकरांचा विषाणुजन्य रोग जुना शत्रू. त्याची भारतातील लस दीर्घकाळ सशांवर वाढवली जात असे व एका सशापासून सुमारे ५० मात्राच मिळत. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने २०२० मध्ये पेशीसंवर्धनावरील लस आणल्याने ही अडचण कमी झाली. त्याच वर्षी ईशान्य भारतात आफ्रिकी वराहज्वर शिरला. हा वेगळा विषाणू असून वराहज्वराची लस त्यावर चालत नाही. तो माणसाला होत नाही, पण शिजवलेले नसलेले मांस व सॉसेज यांत महिनोन्महिने टिकतो व त्यांचे अंश असलेल्या खरकट्यातून कळपात येऊ शकतो. पुण्यात हॉटेले, मेस व मंगल कार्यालये यांतून खरकटे मुबलक व जवळजवळ फुकट मिळते. लहान पालकांचे गणित बहुतांशी त्यावरच बसते. म्हणून ‘खरकटे देऊ नका’ हा सल्ला त्यांच्यापुरता निरुपयोगी ठरतो. खरकटे किमान अर्धा तास ढवळत उकळणे आणि कच्चे खरकटे आणणारी पिंपे शेडच्या फाटकाबाहेरच रिकामी करणे, हा मार्ग व्यवहार्य आहे. आफ्रिकी वराहज्वर निश्चित झाल्यास १ किमी. परिघातील डुकरे नष्ट करतात व १० किमी. पर्यंत पाळत ठेवतात. मोकाट डुकरे व रानडुकरे यांच्याशी संपर्क राहिला तर हे सारे व्यर्थ जाते. दुहेरी कुंपण ही त्यामुळे चैन ठरत नाही.

जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या रक्तात वाढतो व क्युलेक्स डासांमार्फत माणसात जातो. म्हणून वराहगृह वस्तीपासून दूर आणि सांडपाणी वाहते असावे. पुण्यात ऑगस्ट २००९ मध्ये एच१एन१ इन्फ्लुएंझाने (‘स्वाइन फ्लू’) देशातील पहिला मृत्यू झाला, तेव्हा डुकरांविषयी भीती पसरली. ती साथ माणसाकडून माणसाकडे पसरत होती. उलट माणसाचा फ्लू डुकरांना होऊ शकतो, यासाठी ताप-खोकला असलेल्या कामगाराला शेडमध्ये पाठवू नये.

विक्री : जनावरे साधारण ९० ते १०० किग्रॅ. वजनाची झाली की विकतात. मांस तपासताना जीभ व स्नायूंत पट्टकृमीच्या (टेपवर्मच्या) पुटिका आहेत का, हे पाहतात. अशा पुटिका असलेले कच्चे मांस खाल्ल्यास आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतील पुटिकांचा आजार मात्र माणसाच्या विष्ठेतील अंडी अन्नपाण्यातून पोटात गेल्याने होतो, आणि डुकराला लागणही त्याच विष्ठेतून होते.