अधिकार आपत्ती कायद्याचे, मदतीचं कलम मात्र वादात

साथरोग प्रतिबंधक कायदा 1897 चा, मुंबईत प्लेग पसरल्यावर घाईघाईने केलेला. मूळ कलमं अवघी चार. पुण्यात तो कसा राबवला गेला आणि त्याच वर्षी जूनमध्ये गणेशखिंडीत काय घडलं, हे सांगायला नको.

मार्च 2020 मध्ये कोविडची साथ आली तेव्हा राज्यांनी आधी हाच कायदा बाहेर काढला. केंद्राचं मात्र त्यावर भागत नव्हतं, कारण त्यात तेव्हा केंद्राच्या वाट्याला बंदरांतल्या जहाजांच्या तपासणीपलीकडे फारसं काही येत नव्हतं. सार्वजनिक आरोग्य हा विषयही घटनेच्या राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतला. एका राज्यातून दुसऱ्यात पसरणारा रोग रोखणं समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत आहे, पण त्यावर नवा कायदा करायचा तर संसद 23 मार्चलाच बेमुदत तहकूब झाली. अध्यादेशाची वाट होती. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी एप्रिलमध्ये ती वापरलीही गेली. आणीबाणीचा प्रश्नच नव्हता. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने तिच्या कारणांतून ‘अंतर्गत अशांतता’ वगळून ‘सशस्त्र बंड’ आणलं, आणि विषाणू त्यात बसत नाही.

म्हणून त्सुनामीनंतर झालेला 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा पुढे आला. 24 मार्चच्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला तो त्याखालच्या आदेशाने. गंमत म्हणजे ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा विषय घटनेच्या तिन्हीपैकी एकाही सूचीत नाही. हा कायदा समवर्ती सूचीतल्या सामाजिक सुरक्षेच्या नोंदीवर उभा आहे. एवढ्या पातळ आधारावर राज्यांना दुकानांच्या वेळांपर्यंत बांधून घेता येतं का, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा ताणला नाही.

ताणला गेला तो पैशांचा प्रश्न. या कायद्याचं कलम 12 सांगतं की, आपत्तीग्रस्तांसाठी मदतीचे किमान निकष ठरवले जातील, आणि त्यात जीवितहानीपोटी सानुग्रह साहाय्यही असेल. 14 मार्च 2020 रोजी केंद्राने कोविडला ‘अधिसूचित आपत्ती’ मानण्याचं पत्र राज्यांना धाडलं. त्यात मृतांच्या वारसांना 4 लाख रुपये देण्याची तरतूद होती. त्याच दिवशी सुधारित पत्र निघालं आणि ही ओळ गायब झाली. टाळेबंदीच्या आदेशाला अजून दहा दिवस होते. म्हणजे या कायद्याचे अधिकार पूर्ण वापरले जाण्याआधीच त्यातला एक खर्च बाजूला ठेवला गेला होता.

या मदतीसाठी दोन वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केल्या. केंद्राचं म्हणणं असं की कलम 12 बंधनकारक नाही, महासाथ म्हणजे पूर किंवा भूकंप नव्हे, आणि प्रत्येकी 4 लाख दिले तर आपत्ती निधी आटेल. तिजोरीची अडचण खोटी नव्हती. पण जो रोग देश बंद करण्यापुरता आपत्ती ठरतो, तो मदतीच्या वेळी वेगळा कसा, याचं पटेल असं उत्तर काही मिळालं नाही. 30 जून 2021 च्या निकालात न्यायालयाने कलम बंधनकारक ठरवलं. रक्कम ठरवणं मात्र सरकारवर सोडलं. अखेर आकडा आला 50 हजारांचा, तोही राज्यांच्या आपत्ती निधीतून.

पुढची लढाई कागदांची झाली. अनेकांच्या मृत्यू दाखल्यावर कारण म्हणून कोविड लिहिलेलंच नव्हतं. चाचणीपासून 30 दिवसांत झालेला मृत्यू धरायचा असं ठरलं, रुग्णालयाबाहेरचा असला तरी. दाखल्यावरून तक्रार असेल तर जिल्हा समितीकडे जायचं.

केंद्राने 31 मार्च 2022 नंतर आपत्ती कायद्याखालचे कोविड निर्बंध थांबवले. 1897 चा कायदा अपुरा आहे, तो नीट दुरुस्त करावा किंवा नवाच आणावा, अशी शिफारस विधी आयोगाने फेब्रुवारी 2024 मध्ये केली.