मानेचा डिस्टोनिया

मानेचे स्नायू माणसाच्या इच्छेविरुद्ध कधी सतत, तर कधी झटक्याझटक्याने आखडतात आणि डोके एका बाजूला वळते, कलते, पुढे झुकते किंवा मागे ओढले जाते. मज्जासंस्थेच्या या विकाराला मानेचा डिस्टोनिया म्हणतात. जुन्या ग्रंथांत तो ‘स्पास्मोडिक टॉर्टिकॉलिस’ या नावाने येतो. मूळ दोष स्नायूंत किंवा मणक्यांत नसून स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतील यंत्रणेत असतो. जन्मतः मान वाकडी असणे, झोपेत मान अवघडणे, मानेच्या मणक्यांची झीज यांपासून तो वेगळा आहे. डिस्टोनियाची आज सर्वसाधारणपणे स्वीकारलेली व्याख्या २०१३ साली तज्ज्ञांच्या सहमतीने ठरली. स्नायूंच्या दीर्घ किंवा अधूनमधून होणाऱ्या आकुंचनामुळे उद्भवणाऱ्या, बहुधा पुनःपुन्हा होणाऱ्या अपसामान्य हालचाली किंवा अंगस्थिती, असा तिचा आशय आहे.

विकार बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आठ युरोपीय देशांच्या पाहणीत दर दहा लाखांमागे सुमारे ५७ रुग्ण आढळले. मात्र ही गणना रुग्णालयांत निदान झालेल्यांवर आधारलेली असल्याने खरा आकडा मोठा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पाश्चात्त्य देशांत एकाच अवयवापुरत्या मर्यादित डिस्टोनियांत मानेचा प्रकार पहिल्या क्रमांकावर येतो. कोलकात्यातील लोकवस्तीच्या पाहणीत मात्र हाताचा डिस्टोनिया, म्हणजे मुख्यतः लिहिताना हात आखडणे, अधिक आढळला. हा फरक लोकसंख्येतला आहे की निदान होण्या-न होण्यातला, हे एवढ्यावरून ठरवता येत नाही.

लक्षणे : सुरुवात सावकाश होते. मान ओढल्यासारखी वाटते, गाडी मागे घेताना किंवा रस्ता ओलांडताना डोके हवे त्या बाजूला सहज वळत नाही, आणि छायाचित्रात आपले डोके तिरके आल्याचे दुसरेच कोणी तरी दाखवून देते. पुढील काही महिन्यांत किंवा वर्षांत विकार वाढतो व बहुधा पाच वर्षांच्या आत एका पातळीवर स्थिरावतो. निदान तीनपैकी दोन रुग्णांना वेदना असते. डिस्टोनियाच्या इतर प्रकारांत वेदना इतकी ठळक नसते, त्यामुळे हे मानेच्या प्रकाराचे वैशिष्ट्य ठरते. पुष्कळांच्या डोक्याला कंपही असतो. ‘नाही, नाही’ म्हटल्यासारखे डोके आडवे हलते. ते ज्या बाजूला ओढले जाते त्या बाजूला मोकळे सोडले की कंप कमी होतो, सरळ धरण्याचा प्रयत्न केला की वाढतो. वृद्धापकाळी दिसणाऱ्या साध्या कंपापासून हा कंप ओळखण्याची ही खूण आहे. ताण, थकवा व चालणे यांनी लक्षणे वाढतात. उताणे पडल्यावर ती ओसरतात, गाढ झोपेत जवळजवळ नाहीशी होतात, आणि काहींना सकाळी उठल्यावर तासभर आराम असतो.

सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे स्पर्शाची युक्ती. फ्रेंच वैद्यकात तिला ‘जेस्त आंतागोनिस्त’ म्हणतात. रुग्ण हनुवटीला किंवा गालाला एक बोट नुसते लावतो आणि दोन्ही हातांनी ढकलूनही सरळ न होणारी मान सरळ होते. बोटाचा दाब नगण्य असतो. ते कोणत्या गालाला लावले यानेही पुष्कळदा फरक पडत नाही, म्हणजे मान जिकडे ओढली जाते त्याच बाजूचा गाल असला तरी चालते. कोणाला डोक्याची मागची बाजू खुर्चीच्या पाठीला टेकवणे पुरते, कोणाला गळ्याभोवती गुंडाळलेला मफलर, कोणाला दातांत धरलेली काडी. काही रुग्णांत हात गालाजवळ नेताच, बोट टेकण्यापूर्वीच, स्नायूंची विद्युत् क्रिया मंदावल्याचे आलेखावर दिसते. बहुतेकांना ही युक्ती स्वतःहून सापडते आणि ते ती इतक्या सहजतेने वापरतात की पाहणाऱ्याला माणूस विचारात गढलेला वाटतो. वर्षे लोटतात तसा तिचा गुण कमी होत जातो.

स्थितीचे प्रकार : परंपरेने चार प्रकार मानतात. मान आडवी वळणे (टॉर्टिकॉलिस), खांद्याकडे कलणे (लॅटरोकॉलिस), पुढे झुकणे (अँटेरोकॉलिस) आणि मागे जाणे (रेट्रोकॉलिस). पहिला सर्वांत जास्त आढळतो, पण शुद्ध स्वरूपात एकच प्रकार क्वचित असतो. डोके उजवीकडे वळत असेल तर डावा स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइड आणि उजवा स्प्लेनियस कॅपिटिस हे स्नायू प्रामुख्याने दोषी असतात. पहिला छातीच्या हाडापासून व गळ्याच्या हाडापासून (हसळी) निघून कानामागच्या हाडाला जोडलेला असतो आणि तो चेहरा विरुद्ध बाजूस फिरवतो. दुसरा मानेच्या मागील बाजूस असून आपल्याच बाजूस फिरवतो.

जर्मन मज्जातज्ज्ञ गेरहार्ड राइशेल यांनी या वर्गीकरणाची फेरमांडणी केली. डोके व वरचे दोन मणके यांच्यात होणारी हालचाल (कॅपट) आणि दुसऱ्या ते सातव्या मणक्यांच्या दरम्यानची हालचाल (कॉलिस) वेगवेगळी धरावी, कारण त्यांना जबाबदार स्नायू वेगळे असतात, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे टॉर्टिकॅपट व टॉर्टिकॉलिस, लॅटरोकॅपट व लॅटरोकॉलिस अशा जोड्या होतात. समोरून पाहताना कंठमणी मध्यरेषेवर राहून फक्त चेहरा वळला असेल, तर हालचाल वरच्या सांध्यातली. कंठमणीही सरकला असेल, तर खालच्या मणक्यांतली. कलण्याच्या बाबतीत मान आणि खांदा यांतील कोन पाहतात. तो दोन्ही बाजूंस सारखा असून केवळ कवटी कललेली असेल, तर ते लॅटरोकॅपट होय. मान एका बाजूस आणि डोके उलट बाजूस कलल्याने डोके नुसतेच आडवे सरकल्यासारखे दिसते, तो या दोहोंचा संयोग. उपचाराच्या इंजेक्शनाची सुई कोणत्या स्नायूत टोचायची हे यावर अवलंबून असल्याने वर्गीकरण केवळ पुस्तकी नाही. तरी सर्वच केंद्रे ते पाळत नाहीत आणि त्यामुळे परिणाम निश्चितपणे सुधारतात, असे अद्याप म्हणवत नाही.

प्राचीन उल्लेख : ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने अलेक्झांडरची मान किंचित डावीकडे झुकलेली असल्याचे लिहिले आहे. त्यावरून जन्मजात वक्रता, डोळ्याच्या स्नायूंचा दोष, पाठीच्या कण्याची वक्रता असे अनेक तर्क झाले. वर्णनात अनैच्छिक हालचालीचा उल्लेख नाही, तेव्हा त्यास डिस्टोनिया म्हणण्यास आधार अपुरा आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील वातव्याधींत मन्यास्तंभ (मान ताठरणे) येतो. दिवसा झोपणे, अयोग्य बसणे-उभे राहणे, वर पाहत राहणे अशी कारणे देऊन कफाने आवृत झालेला वायू तो उत्पन्न करतो, असे म्हटले आहे. चरकसंहितेच्या वातविकारांच्या यादीत मन्यास्तंभ व ग्रीवास्तंभ दोन्ही आहेत. काही आधुनिक लेखक मन्यास्तंभ आणि मानेचा डिस्टोनिया एकच धरतात. परंतु स्तंभ म्हणजे ताठरता, आणि दिलेली कारणे झोपेत किंवा बैठकीत अवघडलेल्या मानेला अधिक लागू पडतात. दोन्ही संहितांचा काळ विवाद्य आहेच. ॲम्स्टरडॅमचे निकोलास तुल्प यांनी १६४१ च्या ग्रंथात मानेचा स्नायू कापून केलेल्या उपचाराचे वर्णन केले आहे. ते रुग्ण बहुधा जन्मजात विकाराचे असावे. (रेम्ब्रांटच्या १६३२ मधील शवविच्छेदनाच्या प्रसिद्ध चित्रात शिकवणारे तुल्प हेच.)

मानसिक की शारीरिक : या विकाराच्या इतिहासातला हा मुख्य वाद होय आणि त्याची सुरुवात स्पर्शाच्या युक्तीतूनच झाली. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात एदुआर ब्रिसो यांनी १८९० नंतरच्या व्याख्यानांत असा युक्तिवाद केला की, जी ओढ बळकट हातांना दाद देत नाही पण बोटाच्या टोकाला देते, ती मज्जातंतूंची नसून मनाची असली पाहिजे. त्यांनी तिला ‘मानसिक टॉर्टिकॉलिस’ हे नाव दिले. आंरी मेज व फँदेल यांनी १९०२ च्या टिक्सवरील (अचानक, पुनःपुन्हा होणाऱ्या अंगझटक्यांवरील) ग्रंथात हीच भूमिका पुढे नेली. रुग्ण दुर्बळ इच्छाशक्तीचा, बालिश वृत्तीचा असतो, असे त्यांचे मत होते आणि आरशासमोर करायच्या व्यायामांवर त्यांचा भर होता. याउलट फ्रेंच मज्जातज्ज्ञ बाबिन्स्की यांनी त्याच सुमारास विकाराचे मूळ शारीरिक असल्याचे सुचवले. तुलूझचे देस्तारॅक यांनी १९०१ मध्ये एका १७ वर्षांच्या मुलीची हकिगत प्रसिद्ध केली. तिच्या मानेबरोबर लिहिणारा हात व पायही आखडत होते. हे सगळे एकाच विकाराचे आविष्कार आहेत हा त्यांचा निष्कर्ष आजच्या मताशी जुळतो, पण त्याकडे त्या वेळी फारसे कोणी पाहिले नाही.

हेर्मान ओपेनहाइम यांनी १९११ मध्ये मुलांतील सर्वांगीण विकारासाठी डिस्टोनिया ही संज्ञा योजली. मानेचा विकार त्याचाच मर्यादित प्रकार असल्याचे जर्मन मज्जातज्ज्ञांनी १९२० च्या दशकात मांडले, तरी विसाव्या शतकाच्या मध्यात पारडे पुन्हा मनाकडे झुकले. मान वळणे म्हणजे नकोशा गोष्टीकडे पाठ फिरवणे, असे मनोविश्लेषकी अर्थ लावले गेले आणि कित्येक रुग्ण वर्षानुवर्षे मानसोपचारांत राहिले. वादाचा निकाल लावण्याचे श्रेय सामान्यतः लंडनचे डेव्हिड मार्सडेन (१९३८–१९९८) यांना देतात. पापण्या मिटणे, मान वळणे, लिहिताना हात आखडणे हे प्रौढपणी सुरू होणाऱ्या डिस्टोनियाचेच तुकडे आहेत, असे त्यांनी १९७० च्या दशकात मांडले. ब्रिसो यांचे निरीक्षण अचूक होते, फसला तो अर्थ. संवेदना आणि हालचाल यांची मेंदूतली सांगड बिघडली असल्याने साध्या स्पर्शाने ती क्षणभर सावरते, असे आता मानतात. या रुग्णांत नैराश्य व चिंता सामान्य लोकांपेक्षा जास्त आढळतात. त्यांस केवळ आजारपणाचा परिणाम न मानता विकाराचाच भाग मानण्याकडे अलीकडे कल आहे. मानसिक कारणाने होणारा डिस्टोनिया वेगळा असतो. तो बहुधा अचानक, एखाद्या इजेनंतर, सुरुवातीपासून घट्ट व वेदनामय असतो.

मेंदूतील स्थान : पूर्वी बेसल गँग्लिया या खोलवरच्या केंद्रसमूहाला एकट्यालाच दोषी धरत. आता लहान मेंदू, संवेदनांचे बाह्यक (मेंदूच्या बाहेरच्या थराचा संवेदना जाणणारा भाग) आणि मध्यमेंदू यांना जोडणारे जाळे बिघडते, असे मानतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदूतील इजेनंतर मान वळू लागलेल्या रुग्णांच्या इजा वेगवेगळ्या ठिकाणी असूनही त्यांचे दुवे लहान मेंदू व संवेदी बाह्यक यांच्याशी जुळत असल्याचे दिसले. शेख, झी, क्रॉफर्ड व जिना यांनी २०१६ मध्ये आणखी एक कल्पना मांडली. डोके एका जागी स्थिर धरण्यासाठी मध्यमेंदूत एक ‘संकलक’ यंत्रणा असते आणि तिला मिळणारी माहिती बिघडल्याने डोके घसरते. कंप व ओढ यांची जोडी या कल्पनेने चांगली उलगडते, वेदना मात्र उलगडत नाही.

बहुतेक रुग्णांत कारण सापडत नाही. थोड्यांच्या कुटुंबात असाच विकार असतो. जीएनएएल, टीएचएपी१, एएनओ३ या जनुकांतील बदल काही कुटुंबांत आढळले आहेत. मनोविकारांवरील औषधे दीर्घकाळ घेतल्याने उशिरा उद्भवणारा प्रकार महत्त्वाचा आहे. उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड घेतल्यावर काही तासांत किंवा एकदोन दिवसांत तरुणांची मान अचानक मागे ओढली जाते, ती मात्र योग्य इंजेक्शनाने लगेच सुटते. रुग्ण चाळिशीच्या आतला असेल तर विल्सन विकाराची, म्हणजे शरीरात तांबे साठत जाण्याची, तपासणी करतात. फक्त पुढे झुकलेली मान दिसली, तर पार्किन्सन किंवा तत्सम विकाराची शंका घेतात.

निदान : ते पाहून व तपासूनच होते. एमआरआय इतर कारणे वगळण्यापुरता. आपल्याकडे बहुतेक रुग्ण आधी मणक्याची झीज म्हणून पट्टा, शेक आणि वजन लावणे या वाटेने जातात. वाढत्या वयात क्ष-किरणात झीज दिसतेच, त्यामुळे चुकीचे निदान पक्के होते. तीव्रता मोजण्यासाठी ‘ट्विस्टर्स’ ही ८५ गुणांची मापनश्रेणी वापरतात. तीत तीव्रतेला ३५, असमर्थतेला ३० व वेदनेला २० गुण असतात.

उपचार : मुख्य उपचार बोट्युलिनम या जिवाणूजन्य विषाच्या इंजेक्शनांचा. या विषाचे पहिले सविस्तर वर्णन व्युर्टेमबेर्गचे वैद्य व कवी युस्टिनुस केर्नर यांनी १८२० च्या सुमारास, सॉसेजमधून झालेल्या विषबाधांवरून केले. मज्जातंतूंच्या अतिक्रियाशील विकारांत ते उपयोगी पडेल, हेही त्यांनीच सुचवले होते. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरले आणि १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मानेसाठी व्हँकूव्हरच्या गटाने १९८० च्या दशकाच्या मध्यास चाचण्या केल्या. अमेरिकेत मानेसाठी मान्यता २००० मध्ये मिळाली.

अ प्रकारचे विष मज्जातंतूच्या टोकातील स्नॅप-२५ हे प्रथिन तोडते, त्यामुळे स्नायूला संदेश देणारे ॲसिटिलकोलिन हे रसायन बाहेर पडत नाही व स्नायू सैल पडतो. गुण आठवडाभरात दिसू लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो, म्हणून इंजेक्शने तेवढ्या अंतराने घ्यावी लागतात. वेगवेगळ्या उत्पादनांचे एकक सारखे नसतात. एकाची सुरुवातीची मात्रा १२० एकक, तर दुसऱ्याची ५०० एकक असते. एकाचे आकडे दुसऱ्याला लावणे धोक्याचे असल्याने रुग्णाने आपल्या कागदांत उत्पादनाचे नाव लिहून घ्यावे. गिळण्यास त्रास होणे हा मुख्य दुष्परिणाम, विशेषतः दोन्ही स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइड टोचल्यास. खोल स्नायूंसाठी ईएमजी (स्नायूंच्या विद्युत् क्रियेचा आलेख) किंवा सोनोग्राफीची मदत घेतात. वारंवार व कमी अंतराने टोचल्यास प्रतिपिंडे तयार होऊन गुण येईनासा होऊ शकतो.

ट्रायहेक्सिफेनिडिल, क्लोनाझेपाम, बॅक्लोफेन ही औषधे सहायक आहेत. वयस्करांना त्यांतील पहिले विस्मरण व कोरडे तोंड यांमुळे सोसत नाही. भौतिकोपचाराचा लाभ इंजेक्शनांच्या जोडीने होतो. झटका देऊन मान मोडून घेणे टाळावे.

इंजेक्शनांना दाद न देणाऱ्यांसाठी शस्त्रक्रिया असते. माँट्रियलचे क्लोद बेर्त्राँ यांची निवडक मज्जातंतू कापण्याची पद्धत आता मागे पडली आहे. बेसल गँग्लियातील ग्लोबस पॅलिडस या केंद्राच्या आतील भागात विद्युत् अग्र बसवून केलेल्या उद्दीपनाला अमेरिकेत २००३ मध्ये मर्यादित मान्यता मिळाली. त्याचा गुण पार्किन्सनमध्ये येतो तसा लगेच दिसत नाही, महिने लागतात.

दहांपैकी एकदोन रुग्णांत विकार आपोआप ओसरतो, बहुधा पहिल्या काही वर्षांतच, पण त्यांतील बऱ्याच जणांत तो पुन्हा उलटतो. काहींत तो जबडा, पापण्या किंवा हात यांत पसरतो. आयुर्मानावर सहसा परिणाम होत नाही.