बोहेमियन ऱ्हॅप्सडी

बोहेमियन ऱ्हॅप्सडी : क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे १९७५ मधील गाजलेले गाणे. शब्द आणि चाल बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी (१९४६–१९९१) यांची. ध्वनिमुद्रणाची निर्मिती रॉय थॉमस बेकर आणि बँडने मिळून केली. ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’ या अल्बममधले हे गाणे ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ई.एम.आय. कंपनीने स्वतंत्र तबकडी म्हणून आधी बाजारात आणले. लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद.

ऱ्हॅप्सडी म्हणजे ठरीव साच्यात न अडकता एका भावातून दुसऱ्यात मोकळेपणी शिरणारी रचना. हे गाणे त्या नावाला शब्दशः जागते. त्याला ध्रुवपदच नाही. लोकप्रिय गाणे लक्षात राहते ते फिरून फिरून येणाऱ्या ओळीमुळे. इथे तसा आधार न घेता सहा मिनिटे ऐकणाऱ्याला धरून ठेवले आहे. आरंभी वाद्यांविना नुसता कंठमेळ, मग पियानोच्या साथीने एका तरुणाने आईपुढे दिलेली खुनाची कबुली, ब्रायन मे यांची गिटार, त्यानंतर ऑपेराचा कल्लोळ, तिथून धडाडून फुटणारे रॉक, आणि अखेर सारे निवत जाऊन रॉजर टेलर यांनी काशाच्या मोठ्या थाळीवर दिलेला एक हलका टोला. ऑपेराच्या भागात गॅलिलिओ, फिगारो, इटालियन प्रहसनातला स्कारामूश आणि ‘बिस्मिल्ला’ एकाच दरबारात भेटतात. या सगळ्याचा अर्थ काय, हे मर्क्युरींनी कधीच उलगडून सांगितले नाही. तो खून खरा की रूपकातला, यावर आजही वाद होतात. पण अर्थ हाती लागला नाही म्हणून कबुलीतली आर्तता पोचायची राहत नाही.

ध्वनिमुद्रणाला ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधल्या मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरुवात झाली. पुढचे काम लंडनमधल्या स्टुडिओंत झाले. ऑपेराच्या एवढ्याशा भागाला जवळपास तीन आठवडे लागले. ऐकताना पन्नास-शंभर जणांचा गायकवृंद असावा असे वाटते. प्रत्यक्षात मर्क्युरी, मे आणि टेलर हे तिघेच गात होते. वरच्या पट्टीतले कापरासारखे हलके सूर टेलर यांचे. चौथे सदस्य जॉन डीकन बेस गिटार वाजवत. फितीवर २४ ट्रॅक, म्हणजे आवाज टिपण्याच्या स्वतंत्र पट्ट्या, होते. तिघांनी एक ओळ गायची, मग तीच पुन्हा, पुन्हा. भरलेले ट्रॅक एकात उतरवायचे आणि रिकाम्या झालेल्या जागी नवे थर चढवायचे. असे १८० च्या आसपास थर झाले, असे सांगतात. फीत यंत्राच्या मुखावरून इतक्या वेळा घासत गेली की तिच्यावरचा चुंबकीय लेप झिजला आणि उजेडासमोर धरली तर आरपार दिसू लागले. संगणकावर एका बोटाने शंभर आवाज उभे करणाऱ्या आजच्या ध्वनिमुद्रकांनी ती विरलेली फीत एकदा डोळ्यांसमोर आणावी.

रेडिओवरच्या गाण्याला तीन मिनिटांची सवय होती, म्हणून काटछाटीचा आग्रह झाला. बँड हटला नाही. कॅपिटल रेडिओचे निवेदक केनी एव्हरेट यांच्या हाती प्रसिद्धीपूर्व प्रत पडली आणि एका शनिवार-रविवारात त्यांनी ती १४ वेळा वाजवली. सोमवारी लोक दुकानांत मागायला गेले, तेव्हा तबकडी अजून यायची होती. नोव्हेंबरअखेरीस गाणे ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिले आले आणि ९ आठवडे तिथेच राहिले. जानेवारीत त्याला खाली ओढले ते ॲबा या स्वीडिश बँडच्या ‘मामा मिया’ने, गंमत अशी, की हे दोन शब्द क्वीनच्या ऑपेरातही आहेत.

त्या दिवसांत बँड दौऱ्यावर होता. दूरदर्शनवर जाऊन हे गाणे ओठांनी जुळवणे तसेही अवघडच. त्यामुळे ब्रूस गॉवर्स यांनी एल्स्ट्री इथे सुमारे चार तासांत एक चित्रफीत केली. अंधारातून वर उजळलेले चार चेहरे ही तिची सुरुवात. गाणे विकायला चित्रफीत हवीच, हा रिवाज रुजवण्यात तिचा मोठा वाटा आहे. मंचावर मात्र ऑपेरा चौघांच्या आवाक्याबाहेर होता. त्या वेळी ते सरळ आत निघून जात, फीत वाजे आणि रॉकचा भाग सुरू होताच ते परतत. १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधी मैफलीत, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर, क्वीनची सुरुवात याच गाण्याने झाली, तीही केवळ पियानोच्या भागाने.

मर्क्युरींचे मूळ नाव फारुख बलसारा. जन्म झांझिबारचा, घर पारशी, आणि शाळा पाचगणीची सेंट पीटर्स. आठव्या वर्षी ते तिथे वसतिगृहात आले, पियानो शिकले आणि शाळासोबत्यांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये तो वाजवूही लागले. गाण्यात पाचगणी शोधण्याचा मोह मराठी वाचकाला होतो, पण तसा पुरावा नाही. पियानोवर बसलेली बोटे पाचगणीची, एवढे मात्र हक्काने म्हणावे.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्समुळे उद्भवलेल्या न्यूमोनियाने ते गेले. पुढच्याच महिन्यात तबकडी पुन्हा निघाली, पुन्हा पहिली आली. उत्पन्न एड्सविषयी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेले. १९९२ मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ चित्रपटात गाडीत बसलेली पोरे या गाण्यावर माना झटकताना दिसली आणि १९७६ साली अमेरिकेत नवव्या क्रमांकावर थांबलेले गाणे दुसऱ्यावर पोचले. २०१८ च्या याच नावाच्या चरित्रपटाने रॅमी मॅलेक यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळवून दिले.

२०२३ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात मर्क्युरींच्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा या गाण्याचे कच्चे कागद पुढे आले. लिहिलेले होते एका विमान कंपनीच्या कागदांवर. एका पानावर आधी ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असे नाव होते. पहिला शब्द खोडून वर ‘बोहेमियन’ लिहिले होते.