कुलूप लावलंय, पण किल्ली कुठे आहे?

अमेरिकेतल्या बंदुकांची बातमी आपल्यापर्यंत येते ती बहुतेकदा शाळेतल्या गोळीबाराची. हिशेब वेगळाच आहे. २०२१ मध्ये तिथे बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या. मनातली लाट ओसरेपर्यंत बंदूक हाताशी नसली, तर यातले बरेच जीव वाचू शकतात. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हार्बरव्ह्यू संशोधन केंद्राने म्हणूनच बंदूक हवी की नको हा वाद बाजूला ठेवला आणि लोक ती घरात ठेवतात कशी, हे मोजलं.

वीस वर्षांखालच्या मुलांनी स्वतःवर किंवा चुकून कुणावर गोळी झाडली, अशा १०६ घटनांतल्या बंदुका एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मुलांचा वावर असलेल्या घरांतल्या ४८० बंदुका. २००५ साली या केंद्रातल्या डेव्हिड ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले: कुलूपबंद बंदुकीतून असा प्रकार घडण्याची शक्यता उघड्यावरच्या बंदुकीच्या पावपटीहून थोडीच जास्त, गोळ्या काढून रिकामी ठेवली तर भरलेल्या बंदुकीच्या साधारण ३० टक्के. (कुलूप लावणारी माणसं मुळातच सावध असतील, हा आक्षेप अशा तुलनेत पुरता जात नाही.)

पण कुलूप कुठलं? ग्रॉसमन यांचा सहभाग असलेल्या अलास्कातल्या पाहणीत दोन खेड्यांतल्या ४० घरांना प्रत्येकी एक तिजोरी आणि एक ट्रिगर लॉक (बंदुकीच्या चापावर बसणारं कुलूप) दिलं. तीन महिन्यांनी, न कळवता, ३७ घरं पाहिली. ३२ तिजोऱ्या बंद, आत बंदुका. ट्रिगर लॉक लावलेलं सापडलं फक्त ११ घरांत. नवल नाही. तिजोरीचं दार एकदा लावलं की सगळ्या बंदुका आत; ट्रिगर लॉक मात्र एकेका बंदुकीला, दर वेळी बसवत बसावं लागतं.

शिवाय ते भरलेल्या बंदुकीला कधीच लावायचं नसतं. त्याचे दोन भाग दोन्ही बाजूंनी आवळताना मधली दांडी चापाला लागली तर गोळी सुटू शकते. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढायचं, मग चेंबर, म्हणजे झाडायची गोळी जिथे बसते ती जागा, डोळ्यांनी बघून, बोट घालून तपासायचं. मॅगझिन निघालं तरी एक गोळी चेंबरमध्ये उरलेली असू शकते, आणि घोळ होतो तो इथेच.

राहिली किल्ली. ग्रामीण अलाबामात आईवडिलांना आणि मुलांना वेगवेगळं विचारलं गेलं. ‘बंदूक कुठे आहे ते आमच्या मुलांना ठाऊक नाही’ म्हणणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांची मुलं उलटं सांगत होती. तेव्हा किल्ली खणात किंवा देव्हाऱ्यामागे नको, अंगावर हवी. आकड्यांचं कुलूप असेल तर आकडा कुणाच्या वाढदिवसाचा नसावा.