दार्जिलिंगचा गंध कुठून आला? चहाच्या दोन जातींची पार्श्वभूमी

1823 मध्ये रॉबर्ट ब्रूसला आसामात सिंगफो लोकांकडे चहाचं झाड आढळलं, पण कंपनी सरकारला ते रानटी वाटलं. खरा चहा चीनचाच, हा समज पक्का. 1834 च्या चहा समितीने माणूस पाठवून चीनहून बी मागवलं. आसामच्या दमट उष्म्यात ती चिनी रोपं रमली नाहीत आणि 1839 मध्ये लंडनला लिलाव झाला तो रानटी ठरवलेल्या आसामी झाडाच्या चहाचा! डोंगरात उलट घडलं. 1841 मध्ये दार्जिलिंगचे ब्रिटिश प्रशासक डॉ. कॅम्पबेल यांनी कुमाऊंचं चिनी वंशाचं बी तिथे लावलं, ते थंडीत तगलं.

मोठ्या पानाच्या आसामी जातीचा चहा कडक, तर छोट्या पानाच्या चिनी जातीचा सुगंधी, हे चाखणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं. कारण उमगायला 1980 चं दशक उजाडलं. ताज्या पानात गंधद्रव्यं साखरेशी बांधलेली असतात. पान चुरगळलं की विकरं (एन्झाइम) ती मोकळी करतात. जपानी संशोधक ताकेओ यांनी त्यातल्या लिनालूल आणि जिरॅनिऑलचं प्रमाण मोजलं. आसामी पानांत लिनालूलचा वरचष्मा, तर चिनी पानांत जिरॅनिऑलचा वाटा मोठा. गुलाबाच्या वासातही हे जिरॅनिऑल असतं.

पण सगळंच वाणावर नाही. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराचा, म्हणजे उन्हाळी तोडणीचा, मस्कट द्राक्षांसारखा ‘मस्कटेल’ गंध येतो तो तुडतुड्यांमुळे. त्यांनी पान शोषलं की झाड बचावासाठी वेगळी गंधद्रव्यं तयार करतं. आपल्याकडे कपाशीवर तुडतुडे दिसले की शेतकरी फवारणीचा पंप काढतो. तिथे याच चाव्यामुळे चहाला भाव येतो.

दोन्ही जाती शेजारी आल्या की सहज संकर होतो, म्हणून बियांपासून लावलेल्या जुन्या मळ्यात एका झुडपासारखं दुसरं सापडत नाही. त्यातून निवडक झाडांची कलमं करण्याची पद्धत रुजली. आसामातल्या टोकलाई चहा संशोधन केंद्राने 1949 मध्ये टीव्ही-1 हे कलमी वाण दिलं. दार्जिलिंगला गंधासाठी एव्ही-2 हे वाण नावाजलं गेलं.

महाराष्ट्रात घरोघरी उकळते ती मुख्यतः सीटीसी, म्हणजे 1930 च्या दशकात आसामात आलेल्या यंत्रातली दाणेदार चहापूड. रंग आणि कडकपणा भरपूर, फुलांचा वास बेताचा. म्हणून आपण आलं, वेलदोडा, गवती चहा घालतो. गवती चहाचा वास मुख्यतः सिट्रालचा. रसायनशास्त्राच्या हिशेबात ते जिरॅनिऑलचंच भावंड.